उन्हात ठेवलेले सेल

सर, तुमच्या त्या खिशातल्या संगणकात शेवटी नेमकं काय काय साठवलेलं होतं? मला सांगता येत नाही. आता कुणालाच येणार नाही, कारण ते सगळं पुसलं गेलं आणि पुसणारी मी होते. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही होतात तोवर मी हे बोलले नाही.

मागच्या आठवड्यात मोबाइलवर त्याच यंत्राचा फोटो दिसला. कंपनीनं केव्हाच बनवणं बंद केलेली अशी यंत्रं जमवणारे लोक आहेत. त्याच्या रबरी बटनांबद्दल, एका ओळीच्या करड्या पडद्याबद्दल त्यांनी किती मायेनं लिहिलं होतं. वाचता वाचता माझे कान गरम झाले. आमच्या नववीच्या वर्गात आलं तेव्हाही ते जुनंच होतं. त्यातले प्रोग्राम तुम्ही वर्षानुवर्षं स्वतः लिहिलेले. तुमच्या विहिरीचं दरवर्षीचं पाणी, आपल्या किन्हीराजा गावात सूर्य किती वाजता उगवणार ते, आणि आमच्यासाठी गणितं. उत्तर बरोबर आलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत ‘शाब्बास’ यायचं, चुकलं की ‘झोपले काय’. प्रत्येकाला ते आठवडाभर घरी न्यायला मिळायचं. सोमवारी प्रार्थनेनंतर पाळी बदलायची. घेणाऱ्यानं चालू करून पाहायचं, मग दोघांनी वहीत सही करायची. ‘‘बंद केलं तरी याच्या पोटात सगळं राह्यते,’’ असं तुम्ही सांगितलं होतं.

माझ्या पाळीत शनिवारी पडदा फिका दिसायला लागला. आमच्याकडे टॉर्चचे सेल मंदावले की आई ते काढून उन्हात ठेवायची. संध्याकाळी त्यांना पुन्हा थोडा जोर यायचा. मी बाबांच्या पेचकसानं मागचं झाकण उघडते, दोन चपटे सेल ओढणीच्या टोकानं पुसते, ताटलीत ठेवून ताटली छपराच्या टिनावर ठेवते. सरांच्या वस्तूची आपण किती काळजी घेतो आहोत, असं मला वाटतं आहे. संध्याकाळी सेल बसवले. पडदा आधीपेक्षा ठळक झाला. आत मात्र ना विहीर होती, ना सूर्य, ना शाब्बास. पोटातलं ते सगळं त्या सेलांच्याच जोरावर टिकून होतं, हे मला माहीत नव्हतं.

पुढची पाळी पोहरादेवीकडच्या तांड्यावरून येणाऱ्या माझ्या मैत्रिणीची होती. चालू करून पाहायला तिनं बोट पुढे केलं, तेव्हा मी म्हणाले, ‘‘कायले पाह्यतं वं? चांगलं हाये.’’ तिनं सही केली.

त्यानंतरच्या सोमवारी पुढच्या पाळीच्या मुलाला आत काहीच सापडेना, तेव्हा तुम्ही बराच वेळ बटनं दाबत राहिलात. मग तिला उभं केलंत. ‘‘काय दाबलं वं पोरी?’’

‘‘मी तं चालूच नाई केलं, सर. भेव वाटलं मले.’’

वर्ग हसला. मागून कुणी तरी म्हणालं, तांड्यावर नेल्यावर दुसरं काय होणार. त्याला तुम्ही गप्प केलंत, पण तिला म्हणालात, ‘‘हात नाई लागला, तं मंग आपोआप गेलं काय?’’ मी पहिल्या बाकावर होते. तुमच्यापासून दोन हातांवर.

यंत्र कपाटात गेलं ते कायमचं. बाकीच्यांच्या पाळ्या आल्याच नाहीत आणि त्याचा रागही सगळ्यांनी तिच्यावरच काढला. दहावीआधी ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. या यंत्रामुळे शाळा सुटली असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही. पण गेली ती सरांचं यंत्र बिघडवणारी म्हणूनच. मी पदवीधर झाले, घरातली पहिली. गावात सत्कार झाला तेव्हा तुमचं नाव घेऊन मी प्रामाणिकपणावर बोलले. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

तो फोटो पाहून आधी वाटलं, तसलंच एक यंत्र मागवावं आणि शाळेला द्यावं. मग लक्षात आलं, त्यानं बरं फक्त मलाच वाटेल. म्हणून रविवारी शेलूबाजारहून जीप धरली, पुढे एक गाडी बदलली आणि तांडा गाठला. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा ती मातीला आली नव्हती, म्हणाली. सरांसमोर कोणत्या तोंडानं उभी राहणार. ‘‘मले बी वाटाले लागलं व्हतं, माह्याच हातानं गेलं असन.’’ मग तिनं वर पाहिलं. ‘‘मले एकटीले सांगून काय होते? हासले ते सगळे. त्याइले सांग.’’

काल आपल्या वर्गाच्या ग्रुपवर मी सगळं लिहून टाकलं, तिच्या आणि माझ्या नावासकट. खरं सांगते सर, लिहिताना ‘चुकून’ हा शब्द मी दोन ठिकाणी घातला होता. सेल काढले त्या वाक्यात तो राहू दिला. तिच्या हातात यंत्र दिलं, त्या वाक्यातून खोडला आणि मग पाठवलं.