अध्यक्षांनी बसून घ्यावे

भवानी पेठ, सोलापूर
जूनचा शेवटचा रविवार

साडूभाऊ नवनाथराव,

कडक जय भीम. तुमची शुगर, अक्कांचा गुडघा आणि जेऊरची हवा, तिन्ही ठीक असणार असं धरून चालतो, कारण काही बिघडलं असतं तर अक्कांनी फोन करून आमच्या मुक्ताला कधीच रडवलं असतं. फोन सोडून पत्र का, म्हणाल. तर तुम्ही फोन स्पीकरवर टाकून पारावर बसून बोलता, आणि माझं दुखणं ज्या जागी आहे ती जागा अख्ख्या जेऊरला ऐकवण्यासारखी नाही.

जागा सांगतो. ड्रायव्हरची आणि सीटची जिथं गाठ पडते, बरोबर तिथं. एवढी वर्षं अक्कलकोट गाडी चालवली, कधी कुरकुर नाही. पण गेल्या दिवाळीपासून बसलं की आत कुणीतरी विस्तव ठेवल्यासारखं होतं. उभा राहिलो की निम्मं कमी, आडवा झालो की गप्प. डॉक्टरबाई म्हणाल्या, ओटीपोटाच्या तळाशी एक नस असते, ती आवळली गेली आहे. हे मी डेपोत नीट समजावून सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत मला मूळव्याध झाल्याचं जाहीर झालं! आता नस वेगळी, मूळव्याध वेगळी, पण ऐकतो कोण? विहारातल्या बायकांनी सुरण पाठवला. शेजारच्या सुंदरम्मांनी सुरण पाठवला. आठवडाभर आम्ही सुरणच खाल्ला. नस होती तिथंच राहिली, पोट तेवढं बिघडलं.

मग माझ्या पुतण्यानं, सिद्धांतनं, मधे भोक असलेली उशी आणून दिली. ती काखेत मारून मंद्रूपला एका लग्नाला गेलो. हात धुवून परत येतो तर उशी गायब. नवरीच्या आजीनं ती पाण्याच्या माठाखाली सारली होती आणि वर मलाच विचारते, चुंबळ लई मऊ हाय, कुटनं आणली? आता भरल्या माठाखालून ती ओढायची कशी, आणि ती कशासाठी असते हे त्या माउलीला सांगायचं कसं? आलो तसाच परत.

सध्या मला डेपोत उभ्याचं काम दिलंय. गाड्या मागं घेताना हात दाखवायचा, येऊ दे, येऊ दे, बास. माझी गाडी दुसऱ्याच्या हातात बघवत नाही हो, साडूभाऊ. (हे मुक्ताला बोलत नाही.) पावसाळा सरला की मेडिकल तपासणी आहे. तोवर बसता आलं तर स्टेअरिंग, नाही तर रिटायर होईपर्यंत येऊ दे, येऊ दे.

उपाय दोन. डॉक्टरबाई म्हणतात, नसेभोवतीचे स्नायू आवळून बसलेत, ते सैल सोडायचा व्यायाम मन लावून करा. काही महिन्यांत फरक पडला नाही तर पुण्याला ऑपरेशन करून नस मोकळी करता येते. खात्री दोन्हीची नाही, आणि ऑपरेशन केलं तरी व्यायाम सुटत नाही. झालं, घरात दोन पार्ट्या पडल्या. आमची लेक धम्मप्रिया फिजिओथेरपी शिकते, ती व्यायामाच्या बाजूनं. सिद्धांत एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरला कामाला, तो ऑपरेशनच्या बाजूनं. ताटावर बसले (म्हणजे ते बसले, मी खिडकीपाशी उभा) की सुरू. माझं कालवण गार होईस्तोवर दोघं माझ्या नसेवर भांडणार.

तेवढ्यात जयंती आली. आमच्या मंडळाची वादविवाद स्पर्धा तुम्हाला ठाऊक आहे, आणि मी तिचा कायमचा अध्यक्ष. पोरांनी विषय ठेवला, जुनाट दुखण्यावर व्यायाम बरा की ऑपरेशन? नाव कुणाचं नाही, पण सगळ्यांच्या नजरा माझ्या कमरेवर! स्पर्धेचा नियम माझाच: बाजू चिठ्ठी उचलून ठरणार, कारण खऱ्या वक्त्याला दोन्हीकडून बोलता आलं पाहिजे. चिठ्ठ्या उचलल्या. धम्मप्रियाला आलं ऑपरेशन, सिद्धांतला व्यायाम. घ्या!

पोरगी काय बोलली म्हणून सांगू! न बसता येणाऱ्या माणसाचं असं वर्णन केलं की बायकांनी डोळ्याला पदर लावले. सिद्धांत काय कमी? तो स्टेजवरच आडवा झाला, गुडघे पोटाशी घेतले आणि श्वास कसा सोडायचा ते माइकवरून ऐकवलं. मतं निघाली समसमान. निर्णायक मत अध्यक्षांचं. मी म्हटलं, निर्णायक मत खुर्चीत बसून द्यायचं असतं, आणि खुर्चीत बसता येत नाही हाच तर वादाचा मुद्दा आहे. विषय पुढं ढकलला.

खरी पंचाईत पुढं झाली. दोघांनी तयारी एवढी केली की दोघंही स्वतःच्याच भाषणाला भुलले! आता धम्मप्रिया म्हणते ऑपरेशनच, आणि सिद्धांत रोज सकाळी चटई घेऊन दारात हजर. म्हणतो, काका, सैल सोडा. अरे, जन्मभर ब्रेकवर पाय ठेवून जगलेला माणूस मी, सैल काय सोडू? तरी त्याच्या धाकानं जयंतीपासून करतोय. फरक काडीचा नाही. भांडण मात्र तेच, नुसती माणसं बदलली.

असो, फार लांबलं. अक्कांना जय भीम सांगा.

तुमचा उभ्या उभ्या झिजणारा साडू,
ईश्वर शिवशरण

ता. क. केळी पाठवलीत तर चालतील. सुरण नको.

दुसरा ता. क. मुद्द्याचं राहिलंच. धम्मप्रियानं पुण्याच्या डॉक्टरांची पुढच्या महिन्याची वेळ घेतली आहे. मला भीती वाटते, नवनाथराव. घरात सगळ्यांना हसवतो, पण वाटते. तुम्ही सोबत चला. तुमच्यासमोर रडलो तर लाज वाटणार नाही.

तिसरा ता. क. (अक्षर वेगळं हाय, मी मुक्ता.) दाजी, जय भीम. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं. हे सगळं पत्र यांनी खुर्चीवर बसून लिहिलंय. मी दारातनं बघत होते. मधे चा मागितला, तो बी बसूनच पिला. यांच्या ध्यानातच न्हाय. मी आत जाऊन लई रडले, पण आवाज केला न्हाय. पुण्याची वेळ राहू द्या, डॉक्टरबाई सांगतील तसं करू. तुमी या मात्र नक्की. फकस्त आल्यावर यांना बसा म्हणू नका. म्हणलं की ध्यानात येईल आन् उठून उभं राहतील.