देव्हाऱ्यावर ऊन खाणारे बाबा

हुआलिएन,
३ नोव्हेंबर

चि. पिन यास अनेक आशीर्वाद. सोबत थोडी अक्कलही पाठवली असती, पण टपालखातं इतकं जड पार्सल घेत नाही.

तुझं पत्र पोचलं. फोन न करता लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर आई मागे कान लावून उभी असते आणि मग बोलायचं एक आणि ऐकवायचं दुसरं असं होतं. तर मला समजलं ते असं: तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू विद्यार्थी खोली सोडताना आपला पाळलेला शॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा, मागे टाकून गेला. तू तो खोक्यात घालून पार्कात सोडायला निघालास. आई दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली की हा सरडा नाही, हे तुझे बाबा आहेत. आणि तू, विमा कंपनीत बावीस वर्षं लोकांच्या मरणाचे दाखले तपासणारा माणूस, खोकं खाली ठेवून हात जोडलेस.

लाकडी चंद्रकोरी टाकून कौल लावला आणि सलग तीन वेळा होकार आला, असं तू ठळक अक्षरात लिहिलं आहेस. बाबांनी हयातीत कुणाला सलग तीनदा हो म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. मी पहिल्या होकाराला उठून गेले असते.

आता तुझ्या पुराव्यांकडे येते. तो रोज सकाळी देव्हाऱ्यावर पितरांच्या नावांच्या पाटीशेजारी बसतो, कारण तुमच्या घरात पूर्वेचं ऊन तेवढ्याच जागी येतं. तू दिसलास की काळा पडतो, म्हणजे बाबांचा राग अजून गेलेला नाही, असं तुला वाटतं. अरे, तू दिसतोस सकाळी सातला. त्या वेळी त्याचं अंग रात्रीच्या गारव्याने आखडलेलं असतं. गडद रंगाला ऊन लवकर लागतं म्हणून तो काळा होतो, अंग पानासारखं चपटं करतो आणि एक कूस उन्हाकडे धरतो. बाबांना उजव्या कानाने कमी ऐकू यायचं म्हणून ते डावी बाजू पुढे करतात, हा आईचा शोध मी आमच्या पक्ष्यांच्या दुकानात नवऱ्याला वाचून दाखवला. पोपटांनासुद्धा पटला नाही. अंग तापलं की तो आपोआप फिका होतो. त्याने तुला माफ केलेलं नसतं, त्याला उकडत असतं.

आणि तू जवळ गेलास की तो हळूच पाटीमागे सरकतो, त्याचंही सांगते. तू समोर उभा राहून दोन्ही डोळे वटारून बघतोस. त्याच्या जगात असं बघणारा प्राणी फक्त खाण्यासाठी बघतो. बाजूने जा, मान खाली घाल, त्याच्याकडे न बघता काम कर. तुझ्या आयुष्यभराच्या सवयीचंच आहे हे.

रात्री देव्हाऱ्याचे तांबडे दिवे बंद करत जा. त्याला झोपायला काळोख लागतो. माणसं जमवू नकोस. आणि पार्काचं नाव काढू नकोस, आठवडाभरात कुत्री त्याला फाडतील.

लोभ आहेच. तो वाढवायची घाई नाही.

तुझी ताई,
लुआन

ताइनान,
१० नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र वाचून आनंद झाला असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. पक्षी आणि मासे विकणाऱ्या माणसांना सगळ्या जगाचं कळतं हे मला ठाऊक होतं, आता मेलेल्यांचंही कळायला लागलं हे नवीन आहे.

दिव्यांचं मी जेवताना सहज बोलून पाहिलं. आईने जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या आणि विचारलं की पितरांना अंधारात बसवायची कल्पना कुठल्या पूर्वेकडच्या गावाहून आली. मी आणखी भात वाढून घेतला. तू बोलून बघ. तू लांब राहतेस, तुला जमेल.

माणसं मी जमवत नाही, ती जमतात. शेजारच्या लिम काकू रोज सकाळी वर येतात आणि बाबा कुठला डोळा किती वेळा फिरवतात त्यावरून लॉटरीचे आकडे काढतात. परवा त्यांनी बाबांना आवडायची म्हणून दूधमाशाची पेज करून आणली आणि देव्हाऱ्यावर ठेवली. बाबांनी ढुंकून पाहिलं नाही. मग ती मी खाल्ली, तर काकू म्हणाल्या की बापाच्या ताटातलं ओढायची सवय लहानपणापासूनची आहे.

तू हसशील, पण एक गोष्ट तुला हुआलिएनला बसून दिसत नाही. बाबा गेल्यापासून आई दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून असायची. वर्षश्राद्धाला तू आली नाहीस, दुकान बंद ठेवता येत नाही म्हणालीस, त्या दिवशी तिने पाणीही घेतलं नव्हतं. आता ती सहाला उठते, तीन जिने चढते, स्वतःच्या हाताने देव्हाऱ्यावरच्या झाडाला पाण्याचा फवारा मारते, सरडा थेंब चाटतो ते बघते आणि खाली येऊन दोन वाडगे भात खाते. म्हणून मी हात जोडले. तो जगला पाहिजे, एवढंच मला कळतं. तो गेला तर आई पुन्हा अंथरूण धरेल आणि या वेळी उठायची नाही.

आणि म्हणूनच हे पत्र. चार दिवस झाले, त्याचं काहीतरी बिनसलं आहे. उन्हात येत नाही. दिवसाढवळ्या पाटीमागे लपून बसतो, नाहीतर खाली उतरून देव्हाऱ्याखालच्या फरशीवर फेऱ्या मारतो. खाणं सोडलं आहे. हिरव्या अंगावर पिवळे-निळे ठिपके आले आहेत. पोट मात्र फुगलेलं दिसतं. आई म्हणते की बाबा रुसले, लुआनने काहीतरी वाईट लिहिलं असणार. तुझं पत्र मी तिला दाखवलेलं नाही.

उत्तर लवकर दे. टोमणे नंतर मार, मी साठवून ठेवतो.

तुझा,
पिन

हुआलिएन,
१५ नोव्हेंबर

चि. पिन यास आशीर्वाद.

आधी एक काम कर. त्याच्या मागच्या पायाची टाच बघ. नराला तिथे जन्मापासून छोटा काटा असतो. काटा नसेल, आणि नसणारच असं मी इथून लिहून देते, तर तुमचे बाबा ही मादी आहे आणि तिच्या पोटात अंडी आहेत.

नर कुठून आला असं विचारू नकोस. या जातीच्या मादीला नर लागत नाही, कोंबडीसारखी ती रिकामी अंडी धरते. ती फरशीवर फेऱ्या मारते कारण तिला खणायला माती हवी आहे. ती लपते कारण तुझी लिम काकू रोज तिच्या डोळ्यांत आकडे वाचते, आणि अशा गर्दीत कुठलीही मादी अंडी घालत नाही. माती नाही मिळाली तर ती अंडी पोटातच ठेवून मरते. माझ्या दुकानात अशा दोन मेल्या आहेत, दोन्ही वेळा गिऱ्हाईकाने आजारी आहे म्हणून परत आणून दिल्या होत्या.

घरात माती कुठून असणार? डेंग्यूच्या भीतीने गच्चीतल्या सगळ्या कुंड्या तूच रिकाम्या केल्यास. देव्हाऱ्यावरच्या त्या झाडाच्या कुंडीतही तू सिमेंटचा थर दिला आहेस, ते मी स्वतः पाहिलं आहे आणि तेव्हाही तुला मूर्ख म्हटलं होतं.

तर नीट वाच. एक खोल बादली घे. त्यात ओलसर रेती भर, मुठीत दाबली की गोळा व्हावा इतपत ओली. बादली ती फेऱ्या मारते आहे तिथेच ठेव, तुझ्या सोयीच्या जागी नाही. चारी बाजूंनी कापड बांध. रात्रीचे दिवे बंद. आणि कोणीही बघायला जायचं नाही, कारण तिला बघितल्याचं कळलं तर ती अर्धं खणलेलं भोक सोडून देते.

हे आईला तू सांगायचं आहेस. तोंडाने, आजच. जीव त्या प्राण्याचा जाणार आहे, तुझी फक्त लाज जाईल. दोन्हींत मोठं काय ते ठरवायला कौल लावू नकोस.

बाकी क्षेम.

ताई

ताइनान,
२१ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न.

काटा नाही.

मी दोनदा आईसमोर जाऊन उभा राहिलो. दोन्ही वेळा तिने विचारलं की काय पाहिजे, आणि मी चहा पाहिजे म्हणालो. बाबा अंडी घालणार आहेत हे पंचाहत्तर वर्षांच्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं ते तू लिहिलं नाहीस. तुझ्या दुकानात अशी वेळ येत नसावी.

रेतीची बादली आणली. पण देव्हाऱ्याखाली ठेवली तर आई विचारेल, म्हणून गच्चीत वॉशिंग मशीनच्या मागे ठेवली आणि सरडीला उचलून तिथे सोडलं. ती बादलीवर बसली, मशीन सुरू झालं, ती घाबरून उतरली. मला माहीत आहे तू काय म्हणशील.

आज सकाळी आम्ही वर गेलो तर ती उदबत्त्यांच्या भांड्यात होती. पितरांपुढच्या उदबत्त्यांची राख, जिला वर्षातून एकदा सोडून कुणी हात लावत नाही, ती पुढच्या पायांनी उकरून बाहेर फेकत होती. पाटीवर राख, फळांवर राख. भांडं उथळ आहे, तळाला नखं लागत होती आणि ती थांबत नव्हती. डोळे आत गेले आहेत. लिम काकू ओरडत खाली पळाल्या.

आईने पाटीवरची राख बोटाने पुसली. मग मला म्हणाली की तू कचेरीला जा, आणि संध्याकाळी लवकर येऊ नकोस. मी हे कचेरीतून लिहितो आहे. घरी जायची मला भीती वाटते.

पिन

ताइनान,
२५ नोव्हेंबर

चि. सौ. लुआन हिस अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मी वाचली. पिन ती इस्त्री केलेल्या शर्टांच्या घडीत लपवतो आणि इस्त्री मीच करते. तुम्ही दोघं किती हुशार आहात हे मला पहिल्यापासून माहीत आहे.

तो कचेरीला गेल्यावर मी जिन्याच्या दाराला कडी घातली आणि लिमबाईला बाहेरूनच सांगितलं की आकडे संपले, आता तुझ्या नवऱ्याचे डोळे बघ. पिनची बादली मशीनमागून ओढत आणली. रेती कुठल्या बांधकामावरची होती कोण जाणे, खिळे निघाले. ती धुतली, दाबून भरली आणि देव्हाऱ्याखाली सरडी फेऱ्या मारत होती त्याच कोपऱ्यात ठेवली. सरडीला राखेतून उचलून रेतीवर सोडलं. चादर बांधली. तांबडे दिवे मालवले. कौल लावला नाही. नको ते उत्तर आलं असतं तर ऐकायला मला वेळ नव्हता.

बघायचं नाही असं तू लिहिलं होतंस, म्हणून दाराकडे पाठ करून जिन्यात शेंगा सोलत बसले. माझी तीन बाळंतपणं झाली आहेत, त्यातलं एक पोर राहिलं नाही. कुणी टक लावून बघत असलं की कसं होतं ते मला पुस्तकातून शिकायला नको. दुसऱ्या दिवशी दुपारी चादर उचलली तर भोक बुजवून वरून पाय मारून सपाट केलेलं होतं, आणि ती झाडावर रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. फवारा मारला तर खूप वेळ पाणी प्याली. आज सकाळी उन्हात येऊन बसली, काळी कुळकुळीत. राख मी भांड्यात परत भरली. पितरांनी काही म्हटलेलं नाही.

आता तुझ्याबद्दल. तुझे बाबा गेले हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांना शेवटची आंघोळ मी घातली. तुम्ही दोघं तेव्हा खाली शोकपत्रिकेत कुणाचं नाव आधी छापायचं यावरून भांडत होतात.

मला घरात सकाळी एक हलणारी जिवंत वस्तू हवी होती. पिनला म्हटलं असतं की सरडा राहू दे, तर त्याने ऐकलं नसतं, म्हातारीचं कोण ऐकतं. बापाला पार्कात टाकायची मात्र त्याची छाती झाली नाही. कौलाच्या चंद्रकोरी मीच टाकल्या होत्या. साठ वर्षं टाकते आहे, कशा पडायला हव्यात ते हाताला कळतं.

मी वर्षभराहून जास्त पडून होते तेव्हा तुझं एक कार्ड आलं. त्यावर छापील फुलं होती आणि खाली तुझी सही. सरडीसाठी तू पानंच्या पानं लिहिलीस, दिव्यांपासून रेतीपर्यंत सगळं. चांगलं लिहिलंस. त्यानेच तिचा जीव वाचला.

पुढचं पत्र पाठवशील तर पाकिटावर माझं नाव घाल.

आई