आईचे बारा फोटो

२० जून

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र आईलाही वाचून दाखवा, नाहीतर मागच्यासारखा रुसवा. माझं शेवटच्या वर्षाचं काम सरांनी मंजूर केलं. एकच माणूस, एकच खुर्ची, एकच खिडकी, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला एक फोटो, असे बारा. वर्षभरात माणूस कसा बदलतो ते दाखवायचं. पुढे मला कोणी काम देणार ते हेच बघून, तेव्हा थट्टा नको.

जूनचा फोटो मी सुट्टीत काढलाच आहे, पुढचे तुम्ही काढायचे. स्टँडच्या खुणा फरशीवर रंगवून आले आहे. आईने त्या घासून काढल्या तर माझं वर्षच पुसलं जाईल. प्रिंट आपल्याच डार्करूममध्ये करून पाठवा. तीस वर्षं स्टुडिओ चालवणाऱ्याला मी शिकवणं म्हणजे आगाऊपणा, कळतंय मला. आईने हात मांडीवर ठेवावेत आणि घड्याळ काढू नये.

दोघांचा लोभ फोटोंबरोबर दरमहा पाठवत राहा.

तुमची,
भिंगरी

६ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

ऑक्टोबरचा फोटो सोबत आहे. तुझी आई खुर्चीत बसली की म्हणते, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी तिच्याकडे एवढं टक लावून कधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, तेव्हा कॉलेजने सांगितलं नव्हतं. त्यावर दिवसभर अबोला.

तिची भूक जरा मेली आहे, संध्याकाळी लवकर आडवी होते. हवा बदलली की होतं असं. काळजीचं काही नाही. तू मात्र जेवणाची आबाळ करू नकोस.

खुशाली कळवत जा, इकडे दोन जीव टपालाकडे डोळे लावून असतात.

तुझे,
बाबा

१२ डिसेंबर

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

काल सरांनी सातही फोटो भिंतीवर ओळीने लावायला सांगितले. बराच वेळ बघून म्हणाले, ही बाई सात महिन्यांत एका दिवसानेही बदललेली नाही, असा माणूस नसतो, पुतळा असतो. सगळे हसले, मीही हसले. मग त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं आणि मनगट बघ म्हणाले. जूनमध्ये घड्याळ मनगटावर घट्ट आहे. डिसेंबरमध्ये ते सैल होऊन पार पंजावर घसरलंय. चेहरा आईचा आणि हात दुसऱ्याच कोणाचे तरी.

बाबा, तुम्ही निगेटिव्हवर पेन्सिल चालवलीत का? मी रागावलेली नाही. आईचं वजन किती आहे तेवढं कळवा.

उत्तराची वाट बघणारी,
भिंगरी

२० डिसेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

हो, चालवली. गालाखाली सावली पडली की निगेटिव्हवर तिथे बारीक पेन्सिल फिरवायची, मग प्रिंटवर ती जागा उजळते आणि गाल भरलेला दिसतो. गिऱ्हाइकांना जन्मभर तेच करून दिलं. जुलैत आईच्या गालाखाली खड्डा दिसला, वाटलं प्रकाशाचा दोष, म्हणून बुजवला. ऑगस्टमध्ये थोडी जास्त पेन्सिल लागली. पुढे तुझा जूनचा फोटो शेजारी ठेवून जुळवत गेलो. हातांकडे लक्ष गेलं नाही. गिऱ्हाईक कधी हात बघत नाही.

रोज बघणाऱ्याला बदल कळत नाही म्हणतात. मला ती सबब नाही. दर महिन्याला पेन्सिल किती जास्त लागतेय, हे माझ्या बोटांना कळत होतं.

तुझं पत्र आल्यावर तिला दवाखान्यात नेलं. पोटात गाठ आहे आणि ती पसरली आहे. डॉक्टर म्हणाले, ऑगस्टमध्ये आणलं असतं तर काही करता आलं असतं. ऑगस्टमध्ये मी काय करत होतो, ते त्यांना कसं सांगू?

पेन्सिल टर्पेंटाइनने पुसून सगळ्या निगेटिव्ह पाठवतोय. तू छाप. माझ्याच्याने होत नाही.

बाबा

२ जानेवारी

ती. बाबांस,
नमस्कार.

छापले. सर म्हणाले, आता काम उभं राहिलं, कॉलेजात इतकं खरं काम कित्येक वर्षांत झालेलं नाही. वर्गातल्या मुली अभिनंदन करून गेल्या. उरलेले फोटो वेळेवर येतील ना, असं सरांनी विचारलं आणि मी मान हलवली. बाबा, बदल दाखवायचा हे मीच मागून घेतलं होतं.

मी येते. कॉलेज गेलं खड्ड्यात. तिथे येऊन काय करायचं ते सांगा, मला काही म्हणजे काही सुचत नाही.

भिंगरी

९ जानेवारी

चि. भिंगरे,
खूप खूप आशीर्वाद.

तुम्हा बापलेकीच्या पत्रांत मी नुसती खुर्चीत बसलेली असते, म्हणून आज स्वतःच पेन घेतलं. कॉलेज सोडून येणार म्हणे! येऊन करणार काय? एक माणूस इथे आहे, तो काय करतो ते ऐक. खिडकी उघडू का विचारतो, उघडली की वारा लागतोय का विचारतो, मग परत लावतो. स्टुडिओला कुलूप आहे. पासपोर्टच्या फोटोसाठी कोणी घरी आलं की आपले डोळे दुखतायत म्हणून सांगतो. आता दोघं उशाशी बसून माझं तोंड बघत राहिलात तर मला वेड लागेल. तीन वर्षं घासलीस, परीक्षा दे आणि कॅमेरा गळ्यात अडकवून ऐटीत ये. मी काही कुठे पळून जात नाही.

ह्यांच्यावर रागावू नकोस. आरशात मला दिसत नव्हतं थोडंच? पण ह्यांच्या फोटोत मी बरी दिसायचे, म्हणून मीही तेच बघत बसले.

पत्र अर्धं ठेवून आत्ता दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांना म्हटलं, लेकीची परीक्षा वीस मेला संपते, तोवर निभेल ना? ते माझे कागद पुन्हा पहिल्यापासून चाळत बसले. मी दोनदा विचारलं.

वर लिहिलंय ते सगळं सोड. मिळेल त्या गाडीने ये.

तुझी,
आई