अर्ध्यावर सोडलेली गिरकी

टेकडी, रिओ
६ फेब्रुवारी १९९२

चि. बेतोस ताईचे अ. आ.

इकडे सगळे खुशाल, माझी झोप तेवढी उडालीय. कार्निव्हलच्या मिरवणुकीत आपल्या टेकडीच्या नाचपथकाचा, सांबाशाळेचा झेंडा घेऊन यंदाही मीच नाचायचं, पण शाळेचे अध्यक्ष बजावून गेलेत की गेल्या वर्षासारखा काठीला गुंडाळला तर झेंडा दुसरीच्या हाती देईन. एकवीस वर्षं धरलाय रे तो! त्यात समुद्रावरचा वारा. आणि टीव्हीवर मिरवणूक थेट दाखवणारा दिग्दर्शक कोण, तर तू! म्हणजे चुकले तर माझा पाठचा भाऊच साऱ्या देशाला दाखवणार. निदान पायांवर कॅमेरा आणू नकोस, गुडघा सुजलाय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी झुलैदे

स्टुडिओ, रिओ
१३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

पाय वगळू? नाचणारीचे पाय कापले तर मला नोकरीवरून कापतील. मी केबली ओढायचो तेव्हा म्हातारे कॅमेरावाले सांगायचे: गाणाऱ्याचा चेहरा दाखव, आतषबाजीला आभाळ दे आणि खाली थोडी गर्दी ठेव, नाच मात्र डोक्यापासून टाचेपर्यंत. आणि गिरकी सुरू झाली की पुरी होईपर्यंत दृश्य बदलायचं नाही. तुझ्यासाठी दोन नंबरच्या कॅमेऱ्यावर आम्ब्रोझिओ ठेवलाय. त्याचा हात बायको ओरडली तरी हलत नाही. बाकी तुला धीर देतोय खरा, पण वाऱ्याचा अंदाज मीही रोज दोनदा ऐकतोय. गुडघा शेक, आणि काळ्या घेवड्याचं कालवण माझ्या वाटचं राखून ठेव.

तुझ्या रागावरही हक्क सांगणारा,
बेतो

टेकडी
५ मार्च

चि. बेतोस आशीर्वाद, पण हात आखडता घेऊन.

परीक्षकांसमोरून आम्ही पुढे आलो, वारा आला, झेंडा काठीकडे वळला, आणि तेवढ्यात तू आतषबाजी दाखवलीस! परीक्षकांनी पूर्ण गुण दिले, पण पुढचं त्यांनी पाहिलंच नाही, आणि सारी टेकडी बसली होती टीव्हीसमोर. नळावरच्या बायका म्हणतात, सख्ख्या भावानं तोंड फिरवलं म्हणजे झेंडा गुंडाळलाच असणार. मी म्हटलं, उलटी फिरून अर्ध्यावरच सोडवला. तर म्हणे, मग भाऊ काय फटाके बघत बसला होता? अध्यक्षही तेच धरून बसलेत, १५ तारखेच्या रविवारी निकाल देणार. आयुष्यातली सगळ्यात अवघड गिरकी रे ती, आणि तूच खाल्लीस.

रागावले तरी तुझीच,
झुलैदे

स्टुडिओ
९ मार्च

ती. ताईस सा. न.

मी घाबरलो, दुसरं कारण नाही. हाताखालच्या पोरांना वर्षानुवर्षं जे करू नका म्हणून ओरडतो, तेच बटण माझ्या बोटानं दाबलं. तुला झाकायला गेलो आणि उघडं पाडलं.

पण दोन नंबरच्या कॅमेऱ्याची टेप वेगळी फिरत असते, आणि आम्ब्रोझिओचा हात हलला नव्हता. आज पाहिली. झेंडा काठीला टेकतो, तू सुजलेल्या गुडघ्यावर उलटी वळतेस, आणि तो फडकन मोकळा. आम्ब्रोझिओ म्हणाला, साहेब, तुम्ही फटाके बघितलेत, मी हे बघितलं.

रविवारी टीव्ही आणि टेप घेऊन सांबाशाळेच्या अंगणात येतोय. अध्यक्षांना आणि नळावरच्या बायकांना पुढे बसव, आपण दोघं मागे. तुझे पाय दिसतील, ताई, टाचेपर्यंत. कालवण दे अथवा नको देऊस, पण मला तुझ्याशेजारी उभं राहून ती गिरकी पुरी बघायचीय.

तुझा,
बेतो