आईचा यंदाचा नियम

कसबे दिग्रज,
ता. १२ नोव्हेंबर १९४६

चि. सुकुमार यास,

गुणमालाअक्काचा जयजिनेंद्र आणि आशीर्वाद. तुझं पत्र आणि आईसाठी पाठवलेलं लुगडं, दोन्ही पोचलं. मी दिवाळीला माहेरी आले ती अजून इथंच आहे. सासरची माणसं मला आता विसरली असतील, त्याचं मला फारसं दुःख नाही. तवनाप्पाआण्णाचा ऊस बरा आहे. वहिनीची कंबर धरली होती, ती सुटली. साताऱ्याला थंडी फार पडते म्हणे, कानाला गुंडाळत जा. लढाईवरून आलेल्या माणसाला हे काय सांगतेस, असं म्हणशील. तरी सांगते.

आईचा वाढदिवस झाला. आपल्यात म्हाताऱ्या माणसांचा जन्मदिवस कुणाला ठाऊक नसतो, पण आई कार्तिकातल्या अष्टान्हिक पर्वाच्या शेवटच्या दिवशी जन्मली म्हणून सापडते. सत्तरीला आली, तर आण्णानं यंदा हौस केली. सकाळी बस्तीत मूर्तीला तिच्या नावानं अभिषेक झाला. दुपारी गल्लीतल्या बायका आल्या, वहिनीनं ओवाळलं. शेजारची तानुबाई आईच्या पायावर डोकं ठेवून म्हणाली, "माजी समदी पोरं ह्यांच्या हातावर जन्मली. आमी काय द्यावं ह्यास्नी?" आणि रडायला लागली. मग मीही रडले. साथीत आप्पा गेले तेव्हा तू पाळण्यात होतास. आपल्या तिघांना तिनं कसं वाढवलं ते तुला ऐकून माहीत, मी पाहिलंय.

तुझं लुगडं ती नेसली. आवडलं का, असं तू विचारलंस. तिला चांगलं दिसत होतं.

इथवर लिहून मी उगाच चुलीकडं जाऊन आले. लिहायचं ते हातून उतरत नाही.

दर वाढदिवसाला आई नियम घेऊन एखादा पदार्थ सोडते, हे तुला ठाऊक आहे. आपल्याकडं त्याचं नवल नाही. पण पहिला नियम तू पलटणीत गेलास त्या वर्षीचा, हे आम्हां कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्या वर्षी दूध गेलं. मग तूप, मग गूळ. गेल्या वर्षी मीठ सोडलं, तेव्हापासून तिची भाजी वेगळी काढावी लागते. हातातल्या बांगड्या आता कोपरापर्यंत जातात.

यंदा बस्तीतल्या उपाध्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, यंदा काय सोडनार?"

आईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "आवं, माजं आदीचं समदंच वाया गेलंय. सुकुमार जित्ता परत येऊ दे, असं मनात धरून सोडत आले मी. मागून सोडलेलं, ते सोडलेलं व्हय का?"

"न्हाई," उपाध्ये म्हणाले. "मागणं ठिवलं की नियम पोकळ. ते मागणं सोडा, मग खरा."

त्यांचं चुकलं नाही, शास्त्रच तसं आहे. पण मला त्या वेळी त्यांचा राग आला.

"मग यंदा त्येची वाट बघायची सोडते," आई म्हणाली, आणि तिनं हात जोडले.

आम्हांला वाटलं, बोलली झालं. पण आईचा नियम म्हणजे तुला सांगायला नको. सांगलीची मोटार यायच्या वेळेला ती रोज ओट्यावर बसायची. आता मोटारीचा आवाज आला की उठून मागच्या परड्यात जाते. तुझं पत्र तिनं वाचून घेतलं नाही. लुगडं कुणी पाठवलं ते विचारलं नाही. मी सांगायला गेले तर म्हणाली, "गुणा, माजा नियम मोडू नगंस."

सुकुमार, तू जाताना ती म्हणाली होती की बंदूक धरलेल्यानं माझा उंबरा ओलांडायचा नाही. तू तेवढंच धरून बसलास. लढाई संपून वर्ष उलटलं, आणि एका दिवसाच्या वाटेवर बसून तू लुगडी पाठवतोस. पायाखाली मुंगी आली तर जिला घास उतरत नाही, ती बाई पोरगा पलटणीत जाताना दुसरं काय बोलणार होती? तू आला असतास तर तिनं दारात अडवलं असतं, चार शब्द सुनावले असते आणि मग अंघोळीला पाणी काढलं असतं. तेवढंही तू होऊ दिलं नाहीस. मला तुझा फार राग येतो.

आईला तपासून वैद्य म्हणतात, ही थंडी निघाली तर पुढचं बघू. मला हे पहिल्या ओळीतच लिहायला हवं होतं.

झोपेत ती तुझं नाव घेते. सकाळी मी तिला ते सांगत नाही, नाहीतर त्याचंही प्रायश्चित्त घेईल. तिनं आजवर एकही नियम मोडलेला नाही, आणि हा तिला झेपत नाही. पण तू दारात उभा राहिलास, तर वाट बघण्याचा प्रश्नच राहत नाही. मग तिला काही मोडावं लागणार नाही.

मी कसलाच नियम घेतलेला नाही.

या घरात आता एकटीच तुझी वाट बघणारी,
गुणमालाअक्का