वरचं आभाळ मोकळं

१७ जून, मंगळवार

परत आले! सगळेच्या सगळे. पुण्याच्या त्या मासिकानं सभ्य भाषेत कळवलंय – "अन्वरीताई, फोटो स्वच्छ आहेत, पण बातमीचे आहेत."

बातमीचे असणारच. सव्वीस वर्षं भोरची वार्ताहर होते. रस्ता खचला, साकव वाहून गेला, शिबिर झालं, कुणाला बक्षीस मिळालं – जायचं, फोटो काढायचा, संध्याकाळी पाचच्या आत मजकूर पाठवायचा. दुसऱ्या दिवशी फोटोखाली बारीक अक्षरात 'छाया : प्रतिनिधी'. पेपरनं तालुक्याचं पान बंद केलं तेव्हा प्रतिनिधी संपला, अन्वरी मुलाणी तेवढी उरली. तिचं नाव एकाही फोटोखाली आलेलं नाही. एकदा यावं. मासिकात, चांगल्या कागदावर. बाकी काही मागणं नाही.

आमच्या ह्यांना, झुल्फिकारना, म्हटलं तर म्हणाले, "म्या जन्मभर एसटी चालवली. माझं नाव कुठं होतं गाडीवर?"

म्हटलं, "तुमची गाडी वेळेवर नसायची. कशाला लिहितील?"

खूप हसले. चहा मात्र मलाच करायला लावला.

१९ जून

संपादकांना फोन केला. स्वरूप नाव. आवाज तरुण आहे, पण घाई नाही. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ अजून ठरलेलं नाही म्हणाले. भातलावणीचा फोटो हवाय. "उभा काढा, ताई. वर आभाळ मोकळं ठेवा, तिथं अंकाचं नाव येतं. आणि कुणी कॅमेऱ्याकडे बघू नये." मुदत ३१ ऑगस्ट.

आभाळ मोकळं! आमचा डेस्क फोनवरून ओरडायचा – आभाळ कापा हो, आभाळ कोण वाचतंय, डोकी मोठी करा! इतकी वर्षं कापलं. आता जपून ठेवायचं.

मुदत मिळाली की मला बरं वाटतं. हा स्वभावच झालाय.

८ जुलै

उत्रोलीला गेले. जवळ आहे, ओळखीचं आहे – तीच चूक झाली. मला बांधावर बघितल्याबरोबर गेनबांनी लावणी थांबवली. सगळ्यांना ओळीत उभं केलं. स्वतः झाडाखाली ठेवलेली टोपी आणून घातली. "मॅडम, दोन मिन्टं थांबा, सरपंचांना बोलावतो."

"गेनबा, मला कामाचा फोटो हवाय. तुम्ही लावत राहा."

"आसं कसं? पाठी काय छापायच्या? त्वांडं दिसाया पायजेत. कंच्या पानावर येनार?"

काढला. डावीकडून सगळ्यांची नावंही लिहून घेतली. काय करणार!

घरी आल्यावर झुल्फिकार म्हणाले, "भोर तालुक्यात तुला वाकलेला माणूस दिसणार नाही. तुला बघितलं की सगळे ताठ होतात. वेल्ह्याकडं चल, तिकडं तुला कोण ओळखतंय?"

११ जुलै

पाऊस. कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवलाय. दमट हवेला हाच उपाय.

१५ जुलै, मंगळवार

वेल्ह्याला जाऊन आलो. अजून नखांत चिखल आहे, पण आजचं आजच लिहावं.

सकाळीच स्कूटरवर निघालो. कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी. झुल्फिकार अजून एसटी चालवल्यासारखीच स्कूटर चालवतात – प्रत्येक थांब्यावर आपोआप हळू होतात, कुणी उतरणार असल्यासारखे. वेल्ह्याच्या पुढे तोरणा ढगात होता आणि खाली उतारावर खाचरं, एकाखाली एक. एका खाचरात बाया लावत होत्या, सगळ्यांच्या डोक्यावरून निळ्या प्लॅस्टिकच्या खोळी. कुणी वर बघितलं नाही. मला वाटलं, सापडलं!

भरपूर फोटो काढले. मग त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी – चंद्राबाई – कंबरेवर हात ठेवून सरळ झाली. रोपांची जुडी माझ्यापुढे धरली.

"बाई, लावनी चालू आस्ताना बांधावं मोकळ्या हातानं हुबं ऱ्हाऊ न्हाई. आमच्यात चालत न्हाई त्ये. एक मूठ लावा, मग काय काढायचं त्ये काढा."

"मला येत नाही हो."

"आमाला तरी कुठं फोटू काडाया येतो? या हितं."

एक बाई फिदीफिदी हसली, बनाबाई तिचं नाव. म्हणाली, "साडी वर खोचा, न्हायतर चिखूल नेसून जाल घरी!"

चंद्राबाईंची सून सुलक्षणा चहा आणायला घराकडे निघाली होती. जाता जाता तिनं स्वतःची खोळ काढून माझ्या डोक्यावर टाकली. कॅमेरा झुल्फिकारांच्या गळ्यात अडकवला आणि उतरले. चिखल थंड, पोटऱ्यांपर्यंत. पहिली मूठ लावली ती तरंगत वर आली. बनाबाईंनी मला हात धरून दाखवलं – अंगठ्यानं दाबायचं, मागं सरकायचं. मग जमलं. मूठभर म्हणून गेले, दोन-तीन जुड्या लावून आले. गाणं म्हणत होत्या त्या, शब्द लागले नाहीत, पण चाल हाताला लागली.

चहा येईपर्यंत झुल्फिकार बांधावर उभे. मी वर आले तेव्हा माझ्या चिखलाच्या पायांचा फोटो काढत होते. "बूट नवे दिसतात," म्हणाले.

कंबर गेली. पण छान दिवस!

१६ जुलै

सगळे फोटो कॉम्प्युटरवर पाहिले. काय म्हणू स्वतःला! सगळे आडवे. डोकी मोठी, आभाळ कापलेलं. एवढं घोकून गेले होते – उभा, वर मोकळं – आणि समोर काम दिसल्याबरोबर हातानं तीन कॉलमचा फोटो काढला. डेस्क गेला, त्याचा आवाज बोटांत राहिला.

एकच उभा आहे. चार बायका पाठमोऱ्या वाकलेल्या, सगळ्या खोळीत, खाली हिरव्या ओळी आणि वर खूप आभाळ. एकदा तरी डोकं चाललं म्हणायचं.

२५ ऑगस्ट

पाठवले. मुदतीला सहा दिवस राखून. उभा फोटो पहिला ठेवला.

९ सप्टेंबर, मंगळवार

स्वरूपचा फोन! मुखपृष्ठ! तोच, उभा. "ताई, काय आभाळ सोडलंय! आणि एका खोळीवरचं ते पिवळं ठिगळ – सगळा फोटो तिथं येऊन थांबतो. चौघींच्या पाठींत काय लय आहे." नाव कसं छापायचं विचारलं. मी म्हटलं, 'छायाचित्र : अन्वरी मुलाणी'.

मजकूर छपाईला जायला अजून आठवडा आहे.

झुल्फिकार लगेच बाजारात गेले. पेढ्यांचा बॉक्स घरी आणला तो अर्धा रिकामा – निम्मे एसटी स्टँडवरच वाटले. "आमच्या हिचा फोटो पुस्तकावर आलाय!" अख्ख्या डेपोला सांगून आले.

१० सप्टेंबर

फोटो मोठा करून बघत बसले होते. स्वतःचं काम बघत बसायची सवय नाही. आमचं काम दुसऱ्या दिवशी रद्दी. मग सहज मागचा-पुढचा फोटो पाहिला. आधीच्यात चंद्राबाई माझ्याकडे जुडी धरून उभ्या. नंतरच्यात माझे चिखलाचे पाय.

म्हणजे मधला फोटो काढला तेव्हा कॅमेरा माझ्याकडे नव्हताच. माझे हात चिखलात होते.

झुल्फिकारांनी काढलाय. मोबाईल धरतात तसा कॅमेरा उभा धरून.

डेपोतून त्यांना अभिनंदनाचे फोन येताहेत. त्यांना काही पत्ता नाही. जेवताना मी नुसता भात चिवडत बसले. "दाढ दुखतीय का?" म्हणाले.

११ सप्टेंबर

सांगितलं. फोटो त्यांच्यापुढे ठेवला. जवळ घेऊन बघितला. "हा होय!" म्हणाले, आणि हसले. "बरा आलाय की."

"बरा? मुखपृष्ठ आहे ते! तुमचं नाव द्यायला हवं."

"कशाला? भाजी तू केली, म्या फक्त गॅस पेटवला. कॅमेरा तुझा, जागा तुझी, बाया तुला भेटल्या. बटण कुणीबी दाबंल."

"बटणच तर सगळं असतं हो."

"अन्वरी, तुला किती दिसांपासून नाव पाहिजे व्हतं. म्या पेढे वाटून आलोय. आता डेपोत काय सांगू – पेढे परत द्या?"

मला हसू आलं आणि रागही. त्यांना खरंच काही वाटत नव्हतं. जाता जाता म्हणाले, "त्याची एक मोठी कॉपी काढ. भिंतीवर लावू." चार अनोळखी पाठी कशाला लावायच्या घरात, म्हटलं. गालात हसत चपला घालून बाहेर पडले.

१२ सप्टेंबर

रात्रभर ठरवायचं काही नव्हतं, झोप छान लागली. सकाळी स्वरूपला फोन केला. छायाचित्र : झुल्फिकार मुलाणी. तो गडबडला – "पण ताई, बाकीचे तुमचे –" "बाकीचे आडवे आहेत," म्हटलं. तोही हसला. सव्वीस वर्षांत दुसऱ्याच्या फोटोवर प्रतिनिधी लिहिलं नाही, आता अन्वरी मुलाणी कशी लिहू?

फोन ठेवल्यावर मात्र थोडा वेळ गॅलरीत उभी राहिले. वाईट वाटलं, नाही कसं. पण नाव घरातच राहिलं. मुलाणी तर छापून येतंय!

मग आठवलं, फोटोतल्या चौघींची नावं द्यायचीत. स्वरूप म्हणाला, "मुखपृष्ठाला नावं कशाला? पाठीच आहेत." मी म्हटलं, पाठीलाही नाव असतं. आणि छापू का, तेही विचारायला हवं. सोमवारपर्यंत मुदत दिली.

१५ सप्टेंबर, सोमवार

वेल्ह्याला. फोटोची मोठी प्रत बरोबर नेली. झुल्फिकार वरच्या रस्त्यावर स्कूटरपाशी थांबले – पंक्चर काढून घेतो म्हणाले, पंक्चर तर नव्हतं.

भात निसवायला लागलंय, लोंब्या बाहेर पडताहेत. चंद्राबाईंनी प्रत हातभर लांब धरली, मग सगळ्या गोळा झाल्या.

"छापलेलं चालेल ना?" आधी तेच विचारलं.

"छापा की! त्वांड कुठं दिसतंय, नजर लागाया?" बनाबाई.

"मग डावीकडून नावं सांगा."

"ही मी," चंद्राबाई. "डाव्या अंगाला भार टाकून हुबं ऱ्हायची खोड हाय मला. ही बना. तिसरी राजनंदिनी, तिचा पाय बगा कसा फाकलाय. आन् चवथी –" बोट पिवळ्या ठिगळावर. "ही सुलक्षणा. खताच्या पिशवीचं ठिगळ तिच्याच खोळीला हाय."

सुलक्षणानं वाकून बघितलं. "खोळ माजी हाय, आत्याबाई. पाठ माजी न्हाई. म्या तवा चहा आनाया गेल्ते."

सगळ्या एकदम माझ्याकडे वळल्या.

"आगं बया!" चंद्राबाई. "मॅडम, ह्या तर तुमीच! आन् लावताय बी कशा, आमच्यातल्याच!"

हसून हसून बनाबाई बांधावरच बसली. नावांच्या कागदावर तीन नावं लिहिली होती. चौथं लिहायला पेन उचललं तर ते माझंच नाव होतं.

डावीकडून : चंद्राबाई, बनाबाई, राजनंदिनी, अन्वरी मुलाणी. तिथूनच स्वरूपला पाठवलं.

परत येताना स्कूटरवर झुल्फिकारना विचारायचं होतं, पण राहू दिलं. वारा फार होता.

१६ सप्टेंबर

सकाळी चहा देताना विचारलं – "चौथी मी आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"मग?" झुल्फिकार बशीत चहा ओतत म्हणाले. "बाकीच्या बायांचा फोटू काढाया मी कशाला जाईन?"

"आणि एवढं आभाळ कशाला सोडलं?"

"तू लई खूश दिसत व्हतीस. कापायला जीव झाला न्हाई."