युवराजाच्या पाठीवरची तुराटी

प्रिय राजदीप,

नुसतं राजदीप लिहितो. तुझ्या साक्षगंधाची साखर वाटल्यापासून मायनं तोंडाले कुलूप लावलं आहे माझ्या. त्या दिवशी मंडपात मी तुले सवयीनं 'काय बे' म्हणलं, तर शेजारच्या सत्यभामाबाईनं सगळ्यांसमोर पाठीत धपाटा घातला, "जवायाले बे म्हणते का बे?" तू खाली पाहून हसला. मीबी हसलो. तेव्हा हसू येत होतं.

फोन करणार होतो. पण तुझा फोन तुझी बहीण दीपा चाळते, अन् बोलायले लागलो तर माझ्या तोंडातून आधी शिव्याच निघतील. म्हणून दुकानाच्या पत्त्यावर स्पीडपोस्टानं लिहितो. दुसऱ्यांचे अर्ज टाईप करता करता हे वाच, पण मालक चहाले गेल्यावर वाच. नवव्या वर्गात दोनदा बसलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे.

झालं असं. पायलनं मोबाईलवर एक कादंबरी पाठवली. म्हणे, दादा, तिथी तिरुपूरले मराठी बोलायले कोणी नाही म्हणते ना, मग हे वाच, आमच्या कॉलेजातल्या सगळ्या पोट्ट्या वाचून राह्यल्या. नाव 'मोतीगडचा युवराज'. लिहिणारी कोणी शाल्मली. दर शुक्रवारी एक भाग येते. मी म्हणलं, राजा-राणीचं असन. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या बनियनच्या गठ्ठ्यावर बसून वाचायले घेतलं. राजा होता, राणी येईचना. आजच्या काळातला युवराज, गाडी, महालाचं हॉटेल केलेलं, अन् त्याचा एक ड्रायव्हर. तिसऱ्या भागात युवराजानं त्या ड्रायव्हरचा हात धरला तो सोडलाच नाही. मी मोबाईल उलटा ठेवला, इकडं तिकडं पाह्यलं. जसं मीच काही चोरलं. दिग्रसकडचा रूपसिंग इथी माझ्यासोबत पॅकिंगले आहे, तो म्हणे, "काय झालं बे, घरून वाईट खबर आली का?" मी म्हणलं, मिरची लागली. डब्यात वरणभात होता.

सायंकाळी पायलले फोनवर झापलं. असलं वाचते का तू? बाबाले सांगू का? ती काही भ्याली नाही. म्हणे, असलं म्हणजे कसलं? दोघं एकमेकांवर जीव लावतात, त्यात तुझं काय जाते? आमच्या वर्गात तर पैजा लागल्या आहेत दोघं मिळतील का नाही म्हणून. माझी लहानी बहीण, अन् मलेच शिकवते. मी फोन ठेवला अन् पुढचा भाग वाचला. वाचायचा नव्हता, पण वाचला.

मग मले तो युवराज कसातरीच वाटायले लागला. तीन शाळेतून काढलेला. राजाचा पोरगा अन् नापास! एका जागी बसत नाही, बसला तर मांडी हालवते. शर्टाची कॉलर चावते. भूक लागली की भांडते. रूपसिंगले थोडं वाचून दाखवलं, तर तो म्हणे, "ह्या युवराजाले रोशन नाव पाह्यजे होतं." तो मजाक करत होता. मी हसलो, अन् मग मागचे सगळे भाग पुन्हा काढून वाचले.

तरी मी स्वतःले म्हणलं, असे माणसं लय असतात. पण सहावा भाग आला. युवराज रागावून महालातून निघते अन् ड्रायव्हरसोबत कापसाच्या गोदामात लपते. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर लिहिलं असतं की रुईवर मऊ मऊ झोप लागली. शहरातल्या माणसाले कापूस म्हणजे गादीच वाटते. इथी लिहिलं आहे की युवराजाच्या अंगाले खाज सुटली, पाठीवर लाल गांधी उठल्या, तो रडकुंडीले आला, अन् ड्रायव्हरनं त्याची पाठ तुराटीनं खाजवून दिली. तुराटी! महालाच्या गोदामात तुरीची काडी कुठून आली बे, राजदीप?

मले सांगायची गरज नाही कुठून आली. बोंडअळीच्या साली आपण खरेदी केंद्रासमोर रांगेत होतो, तुझ्या बाबाची गाडी पुढं, आमची मागं. तू तुझी गाडी सोडून आमच्या कापसावर येऊन बसला. भर दुपार. मी दुपट्ट्याचा फेटा बांधला होता अन् वरून सगळ्या रांगेले हुकूम सोडत होतो, ए मारोती, चहा आण, ए किसनराव, मोजून घ्या बाप्पा. लोक शिव्या देत होते अन् हसत होते. त्या साली त्या कापसाची खाज सगळ्या गावाले होती, लोक घर सोडून अंगणात झोपत. मी पाठ घासत होतो जसा बैल. तू खाली उतरून कुंपणाची एक तुराटी मोडून आणली. किती वेळ खाजवत होता ते आठवत नाही. एवढं आठवते की खाज थांबली तरी मी 'बस' म्हणलं नाही.

हे फक्त तुले अन् मले माहीत होतं. आता पोट्ट्यांच्या कॉलेजले माहीत आहे. शाल्मली कोण आहे ते मले त्या दिवशीच समजलं. विहारात बाबासाहेबांच्या फोटोखाली अभ्यास करणारा राजदीप, अन् त्यानं वस्तीतल्या देवरावच्या पोराले, म्हणजे मले, मोतीगडच्या गादीवर बसवलं. आधी राग आला. मग आरशात पाह्यलं. कोणी मले असं पाहत असन, हे मले कधी वाटलंच नव्हतं.

पण धक्का याचा नाही. मागच्या शुक्रवारी जो भाग आला, त्याचा आहे. महालात कुजबुज होते, ड्रायव्हर नोकरी सोडून जाणार म्हणते. तर युवराज काय करते? आपली बहीण त्याले देते. म्हणजे तो कायमचा घरचा होईल, कोणी बोट दाखवणार नाही. अन् ड्रायव्हर 'हो' म्हणते. मी ते चार वेळा वाचलं. कारण मी दिवाळीत बाबाच्या मागं लागलो होतो, राजदीपसारखा पोरगा मिळणार नाही, पायलले त्यालेच द्या. सगळे म्हणत होते रोशनले बहिणीची किती काळजी. मलेबी तसंच वाटत होतं, राजदीप, शपथ घेऊन सांगतो. मी काय करून राह्यलो होतो ते मले माहीत नव्हतं. तुले माहीत होतं. मग तू हो काहून म्हणलं? हो म्हणायचं अन् दुकानात बसून ते लिहायचं, हे तुले जमलं कसं?

काल पायलचा फोन आला. मी भीतभीत विचारलं, तुझा युवराज काय म्हणते? ती म्हणे, "दादा, मले आता त्या दोघांचा राग येते. राजकुमारीले कोणी विचारलंच नाही. तिनं काय केलं होतं?" मग लगेच हसून म्हणे, लग्नाची पांढरी साडी तिरुपूरचीच आण, इथल्या जाड असतात.

मी साडी घेतली नाही. हे पत्र सोयरिक मोडायसाठी लिहितो. बाबाले मी सांगीन, मीच जोडली अन् मीच मोडतो, लोक थुंकतील ते माझ्यावर. पण पायलले आपण दोघांनी सांगायचं, तोंडानं, समोर बसून, सगळं खरं. तिनं चप्पल काढली तर पहिली मले लागन. मी गुरुवारी आर्णीच्या स्टँडवर उतरतो, तू तिथी ये. तुझं-माझं काय, ते मले आज विचारू नको, मले त्याचं नाव घ्यायची अजून भीती वाटते, अन् नाही म्हणायचीबी. फक्त या शुक्रवारचा भाग टाकू नको, राजदीप. तिले हे मोबाईलमध्ये वाचून समजलं तर आपल्याले दोघांले मरेपर्यंत तोंड दाखवता येणार नाही.

जवाई नाही, साळा नाही,
तुझाच,
रोशन